कपाटाच्या दारावरचा कागद

सर्व्हरच्या खोलीत दुपारी अडीचच्या सुमाराला एक गुंगी यायची. तशी झोप मला घरच्या गादीवरही कधी लागली नाही. बाहेर चिकलठाण्याचं ऊन पत्र्यांवर तापत असायचं आणि आत बाराही महिने थंडी. खांद्यावर शाल ओढून मी खुर्चीत बसायचे. पंखे एकाच सुरात घरघरायचे, हिरवे दिवे लुकलुकायचे, आणि थोड्या वेळानं त्या घरघरीतून मला माणसांची बोलणी ऐकू यायला लागायची. कोणी नाव सांगतंय, कोणी दार वाजवतंय, कोणी आत येऊन काहीतरी ठेवून जातंय. मी जागी आहे की नाही हे माझं मलाच कळत नसे.

एकदा चाचांनी मला तशी बसलेली पाहिली. चाचा म्हणजे आमच्या कारखान्याचे इलेक्ट्रिशियन. खुलताबादहून रोज बसनं यायचे, आणि त्या खोलीतले एसी, बॅटऱ्या सगळं तेच बघायचे. त्यांनी दार हळूच ओढून घेतलं आणि संध्याकाळी मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही इबादतीत बसल्यासारख्या दिसल्या, म्हणून मी आवाज नै केला."

"चाचा, मी घोरत होते," मी म्हटलं.

"हौ, वो भी सुना," चाचा म्हणाले.

आमचा कारखाना औषधाच्या गोळ्यांचा. तापाच्या, पित्ताच्या, रक्तदाबाच्या. प्रत्येक बॅच बाहेर जाण्याआधी प्रयोगशाळेत तपासली जायची आणि तपासणीचे आकडे डेटाबेसमध्ये भरले जायचे. तो डेटाबेस सांभाळायचं काम माझं. कोणाला खातं द्यायचं, कोणाला किती दारं उघडायची, कोण गेलं की त्याचं खातं बंद करायचं, हे सगळं मी पाहायचे. औषधाच्या कारखान्यात ही साधी गोष्ट नसते. ज्याच्या खात्यातून आकडा गेला त्याची ती सही धरतात. मागाहून "मी नव्हतो" म्हणून चालत नाही.

मी तशी नाकावर राग असलेली बाई. पासवर्डाच्या बाबतीत तर विचारूच नका. कोणी चिठ्ठीवर लिहून ठेवलेला सापडला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सासूनं सुनेचे डबे उघडून बघावेत तशी मी लोकांचे कीबोर्ड उलटे करून बघायचे. "घराची किल्ली दाराला टांगून बाहेर जाता का हो तुम्ही?" असं भर लॅबमध्ये विचारायचे. मी येताना दिसले की माणसं टेबलावरचे कागद सारखे करायला लागायची, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

नवं खातं करताना यंत्राला एक ओळ सांगावी लागते. अमुक नावाचं माणूस आजपासून तुझ्या ओळखीचं, आणि त्याचा पासवर्ड हा. ही ओळ पासवर्डासकट उघडी लिहून ठेवायची नसते. यंत्राला विचारू द्यावं, आपण टाइप करावं, आणि अक्षरं पडद्यावर उमटू देऊ नयेत. माणूस पहिल्यांदा आत शिरला की त्याला तो बदलायलाच लावायचा, म्हणजे देणाऱ्यालाही तो ठाऊक राहत नाही. हे सगळं मला पाठ होतं. नव्या लोकांना मी टेबलावर बोट आपटून आपटून हेच शिकवायचे.

आणि स्वतः काय केलं? नवी व्यवस्था आली तेव्हा लॅब, पॅकिंग, स्टोअर, सगळ्यांची खाती एकाच सकाळी करायची होती. मी एक फाइल लिहिली. एका माणसाची एक ओळ, ओळीत त्याचा पासवर्ड. पहिल्याच दिवशी बदलायची सक्ती ठेवली असती तर अर्धे लोक अडकले असते आणि माझ्या दारात रांग लागली असती, म्हणून ती सक्तीही काढून टाकली. फाइल छापली. कोणी पासवर्ड विसरलंच तर वाचून सांगता यावा, म्हणून तो कागद सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये होती. नंतर तो कागद मला दिसेनासाच झाला. दार उघडायचं, काम करायचं, दार लावायचं. घरातलं जुनं कॅलेंडर जसं भिंतीवर असून नसतं, तसं.

पण त्या फाइलमागं माझी एक हौसही होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला पासवर्ड द्यायला आवडायचं. लोक अक्षरांचा नुसता काला करून देतात, तसा देणं मला कोरडं वाटायचं. मी समोरच्याला खुर्चीत बसवायचे, चार गोष्टी विचारायचे, आणि त्यातलंच काहीतरी उचलून त्याला आकडा लावून द्यायचे. बारशाला नाव ठेवावं तसं. स्टोअरमधल्या एकाला त्याच्या म्हशीचं नाव दिलं होतं. चाचांना त्यांच्या जुन्या राजदूत मोटारसायकलचा नंबर. सहा महिन्यांनी मी त्यांना विचारलं, "चाचा, बदलला का पासवर्ड?" तर ते दुखावल्यासारखे झाले. "तुम्ही दिलेला हाय मॅडम. कायकू बदलूं?" म्हणाले. असं बऱ्याच जणांनी केलं. मी वरवर ओरडायचे, आणि आतून मला छान वाटायचं.

मग ती आली. कन्नडची पोरगी, नुकतीच केमिस्ट्रीत एमएस्सी झालेली. बाप साखर कारखान्यात मुकादम, आणि घरात कंपनीची नोकरी लागलेली ही पहिलीच. रोज कन्नडहून पहिली बस धरून यायची. बस सुटायची सहा दहाला. पहिल्या दिवशी माझ्यासमोर बसली तेव्हा केसात घाटातली थंडी अजून होती असं मला वाटलं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मॅडम, मला कंप्युटरचं लई भ्या वाटतं. चुकलं तर सगळं पुसून जाईल का?"

"तुझ्यानं काही पुसलं जाणार नाही. मी तशी दारंच ठेवलेली नाहीत तुला," मी म्हटलं. "डब्यात काय आणलंस?"

"भाकर अन् ठेचा."

"आणि बस किती वाजताची?"

तिनं सांगितलं, आणि मी तिचा पासवर्ड ठरवला. पहिली बस, सहा दहा. सगळं सलग, इंग्रजी अक्षरांत. ती हसली, आणि घरी गेल्यावर आईलाही सांगेन म्हणाली. मी तिला तिथल्या तिथं झापलं. पासवर्ड आईलाही सांगायचा नसतो, लक्षात ठेव! तिनं कानाला हात लावला. तिची ओळही मी सवयीनं त्याच फाइलमध्ये लॅबच्या नावांत घातली आणि नवा कागद छापून जुन्याच्या जागी चिकटवला. त्या दिवसापासून दुपारच्या माझ्या त्या अर्धवट झोपेत बऱ्याचदा एक बस यायची. धुक्यातून हळूहळू वर चढणारी, आत दिवा लावलेली, आणि खिडकीशी ही पोरगी डबा मांडीवर घेऊन बसलेली. का यायची कोण जाणे. मला मूल नाही. हे इथं सांगायचं नव्हतं, पण सांगून टाकते.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या यंत्रांची पूजा होते. पॅकिंगच्या मशीनला हार, ट्रकला हार, वजनकाट्याला हळदकुंकू. त्या वर्षी लॅबच्या पोरी म्हणाल्या, सर्व्हरचीपण करू या, तो काय कमी राबतो का? मला कौतुक वाटलं. चाचा पहाटेच्या बाजारातून झेंडूची माळ घेऊन आले, शिवाय घरच्या झाडाची सीताफळं. पण बंद कपाटाची पूजा कशी करायची? म्हणून मी किल्ली काढली आणि दोन्ही दारं सताड उघडली. पुढं नारळ, उदबत्तीचा धूर नको म्हणून नुसतंच निरांजन, तेही चाचांनी दोन मिनिटांत विझवायला लावलं. हिरव्या दिव्यांवर झेंडू इतका शोभला की मी बघतच राहिले. कन्नडच्या पोरीनं यंत्राला कुंकू लावलं आणि नमस्कार केला.

"सब लोगां इधर देखो," म्हणत चाचांनी आपल्या नव्या मोबाइलमध्ये फोटो काढला. मधोमध मी, नेहमीसारखी गाल फुगवून, एका बाजूला ती, मागं बाकीच्या. चाचांनी तो लगेच कारखान्याच्या ग्रुपवर टाकला. अख्ख्या कारखान्यानं अंगठे दाखवले, हात जोडले. मीही जोडले.

दिवाळीला अजून दोन आठवडे होते तेव्हा ते प्रकरण झालं. एका बॅचमध्ये ओलावा जास्त निघाला होता. कन्नडच्या पोरीनंच ती तपासली होती, नापासाचा आकडा भरला होता. दोन दिवसांनी बॅच गाडीत चढायच्या वेळी बड्या साहेबांनी, म्हणजे आमच्या प्लँट मॅनेजरनी, सहज म्हणून तपासणीच्या यंत्रातून निघालेली चिठ्ठी आणि डेटाबेसमधला आकडा समोरासमोर ठेवला. चिठ्ठीवर नापास, डेटाबेसमध्ये पास. आकडा कोणीतरी मागाहून बदलला होता. खातं हिचं, वेळ दुपारी पावणेचारची.

गाडी थांबवली. हिला केबिनमध्ये बोलावलं. मला नोंदी काढायला सांगितल्या, त्या मी काढून दिल्या. बदल पॅकिंग हॉलमधल्या सगळ्यांच्या वापराच्या कंप्युटरवरून झाला होता, आणि पासवर्ड पहिल्याच झटक्यात बरोबर टाकला होता. साहेब सभ्य माणूस, आवाज न चढवता बोलणारा. ते म्हणाले, "म्हणजे एकतर हिनं केलंय, नाहीतर हिनं पासवर्ड कोणालातरी सांगितलाय. दोन्हीत दोष हिचाच ना मॅडम?"

"नियमानं तसंच," मी म्हटलं.

ती माझ्याकडं बघत होती. "मॅडम, म्या नाय केलं. अन् कोणाला सांगितलाबी नाय. आईलाबी नाय," ती म्हणाली. साहेबांनी तिला चौकशी संपेपर्यंत घरी बसायला सांगितलं. आठवडाभरात निकाल लागणार होता. खोटी नोंद केल्याचा शिक्का बसला की औषधाच्या धंद्यात पुन्हा कोणी दारात उभं करत नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. जाताना तिनं लॅबचा पांढरा कोट घडी घालून टेबलावर ठेवला.

मला तिचाच राग आला होता. इतकं सांगून सवरून कोणाला तरी बोलून बसली असेल, बावळट कुठली! असं मनात म्हणत मी संध्याकाळी बसमध्ये बसले. मुकुंदवाडीच्या सिग्नलला बस अडकली. करायला काही नव्हतं म्हणून मोबाइल काढला आणि ग्रुपवरचे जुने फोटो बघत बसले. झेंडूची माळ आली. मी आले, ती आली. तिचा चेहरा मोठा करून बघावा म्हणून दोन बोटं फाकवली, तर चेहरा बाजूला सरकला आणि उघडं दार समोर आलं. दारावर कागद. अजून मोठा केला. ओळी स्वच्छ वाचता येत होत्या. तिची ओळ वरून सहावी. पहिली बस, सहा दहा.

 सिग्नल सुटला, माणसं उतरली, चढली, माझा थांबा गेला तरी मी बसूनच होते. बाहेर दिव्यांच्या रेघा पाण्यात पडल्यासारख्या हलत होत्या. मी ज्यांचे कीबोर्ड उलटे केले ती सगळी माणसं एकेक करून डोळ्यांसमोरून गेली.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं ते लिहिताना आजही हात जड होतो. सकाळी सगळ्यांच्या आधी पोचले. कपाट उघडलं, कागद ओरबाडून काढला आणि त्याचे तुकडे केले. चिकटपट्टीचे चार डाग दारावर राहिले, ते नखानं खरवडले. मग सगळ्यांना पासवर्ड बदलायची सक्ती लावली आणि खुर्चीत बसले. पंखे घरघरत होते. मला वाटलं, बोलावं. मग वाटलं, फोटो कोणी मोठा करून बघितला नसेल. मग वाटलं, बावीस वर्षं झाली इथं, एका कागदापायी सगळं धुळीला मिळेल. दिवसभर मी साहेबांच्या केबिनवरून चार वेळा गेले आणि चारही वेळा पाणी पिऊन परत आले. तोंडाला कुलूप लागलं होतं. मला माझी लाज वाटत होती आणि तरी मी गप्प होते.

तिसऱ्या दिवशी रजा टाकली आणि कन्नडची बस धरली. तिला आधी सांगावं, मग साहेबांना, असं ठरवून निघाले होते. बसमध्ये मला पुन्हा ती दुपारची गुंगी आली. दौलताबादचा किल्ला उन्हात तरंगत मागं गेला. वेरूळच्या वळणांवर बस डोलायला लागली तसं मला वाटलं, हीच ती बस, मी रोज बघत होते ती, फक्त उलट्या दिशेनं चाललेली. मक्याची कणसं काढून झालेली रानं, उसाचे हिरवे चौकोन, कापसाच्या पांढऱ्या ठिपक्यांवर पडलेलं ऊन. कंडक्टरनं खांदा हलवला तेव्हा कन्नड आलं होतं.

बाजाराचा दिवस होता. तिच्या घरचा पत्ता विचारावा तर कोणाला, म्हणून भाजीच्या ओळीत घुटमळले, आणि बघते तर तीच समोर, आईबरोबर वांगी निवडताना. मला बघून तिच्या हातातलं वांगं पडलं. "मॅडम! तुम्ही? इथं?" आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्या हाताला धरलं. घरी चलाच म्हणत होती. मी नको म्हटलं. मग तिथंच एका हॉटेलच्या बाकड्यावर आम्ही दोघी बसलो, आई पिशव्या सांभाळत जरा लांब उभी राहिली.

चहा आला. तिनं आपला कप माझ्यापुढं केला, कारण त्याची कड फुटलेली नव्हती.

"तुम्ही आल्या, लई बरं वाटलं," ती म्हणाली. मग कपाकडं बघत म्हणाली, "काही सांगायला आल्या का मॅडम?"

ती विचारत होती आणि सगळा बाजार मला एकदम लांब गेल्यासारखा वाटला. जीपवाल्याची हाळी, तराजूचे आवाज, सगळं पाण्याखालून यावं तसं. जिभेवर शब्द तयार होते. मी म्हटलं, "नाही गं. सहज आले. तुला बघायला."

"व्हय," ती म्हणाली. चहाचे पैसे तिनंच दिले. मला बसमध्ये खिडकीची जागा धरून दिली आणि बस हलेपर्यंत खाली उभी राहिली.

परतताना खुलताबादला चाचा चढले, दुपारच्या पाळीला निघालेले. मला बघून चमकले आणि शेजारी येऊन बसले. बराच वेळ डबा मांडीवर फिरवत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, एक बात बोलूं? पूजेचा तो फोटो हाय ना. कल मेरी पोती ने बडा करके दिखाया. दार के ऊपर कुछ कागज दिखता. उससे तो नै हुआ ना ये?"

मी खिडकीची दांडी धरून बाहेर बघायला लागले.

"मैंच निकाला फोटो, मैंच डाला ग्रुपमध्ये," चाचा म्हणाले. "आज साहेबांना सांगून टाकतो. मेरी गलती हाय. माझे काय, दोन वर्षं राहिलीत. त्या बच्चीचं सगळं पुढं हाय."

अहो, काय सांगू तुम्हाला! त्या म्हाताऱ्या माणसानं एक रात्र ज्या गोष्टीवर काढली, ती मी तीन दिवस पदराखाली झाकून बसले होते. मला एकदम रडू आलं आणि नेहमीप्रमाणं ते रागाच्या वाटेनं बाहेर पडलं. "तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही, सांगून ठेवते!" मी ओरडलेच. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. "फोटो तुमचा असेल चाचा. कागद माझा होता."

घरी न उतरता मी त्यांच्याबरोबर तशीच चिकलठाण्याला गेले. रजेच्या दिवशी, घामेजलेल्या साडीत, केबिनचं दार ढकललं. साहेबांनी खुर्ची दाखवली, मी बसले नाही. सगळं उभ्यानंच सांगितलं. फाइल, कागद, कपाट, फोटो.

"तो कागद कुठं आहे आता?"

"फाडला."

"का?"

"भ्याले म्हणून," मी म्हटलं.

ते बराच वेळ मोबाइलवरचा फोटो मोठा करून बघत राहिले. मग फक्त एवढंच म्हणाले, "मॅडम, तुम्ही? आम्ही तुमच्या भीतीनं चिठ्ठ्या गिळत होतो हो." ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

आकडा कोणी बदलला ते शेवटपर्यंत कळलं नाही. पॅकिंगच्या त्या कंप्युटरवर कोणीही बसत असे, आणि फोटो तर सगळ्यांच्याच खिशात होता. हिच्यावरचा आळ मात्र लेखी काढून टाकला. मला मेमो मिळाला आणि डेटाबेसचा ताबा काढून घेतला गेला. दुसऱ्या ऑफिसमधून एक माणूस येणार होता, मला रेकॉर्डच्या टेबलावर बसायचं होतं. मी कुरकुर केली नाही. त्याच्या येण्याआधी एकच काम माझ्या हातचं उरलं होतं, तिचं जुनं खातं कायमचं बंद करून नवं करून देणं.

ती आली ती पहिल्याच बसनं. पांढरा कोट घातला, सर्व्हरच्या खोलीत येऊन त्याच खुर्चीत बसली. कपाटाच्या दारावर झेंडूची एक वाळलेली पाकळी कुठंतरी अडकून राहिली होती. मी या वेळी ओळ उघडी लिहिली नाही. यंत्रानं पासवर्ड विचारला तिथं थांबले आणि कीबोर्ड तिच्यापुढं सरकवला.

"तुम्हीच द्या ना मॅडम," ती म्हणाली.

"नाही. तुझा तू टाक. मला कळता कामा नये."

मी उठून काचेशी गेले आणि तिच्याकडं पाठ करून उभी राहिले. बाहेर ऊन होतं, चाचा शिडी खांद्यावर घेऊन चालले होते. पाठीमागं एकेक बटण वाजत होतं, हळूहळू, विचार करून दाबलेलं. सवयीनं मी मोजायला लागले. नऊ, दहा. मग आवाज थांबला.

"मला पहिल्याच दिवशी दिसला व्हता तो कागद," ती म्हणाली. "साहेबांनी घरी जा म्हणल्यावर बसमधीच मोबाइलवर पूजेचा फोटो उघडून बघितला. म्हणलं, माझा पासवर्ड कुठं कोणाला दिसला असंल."

मी वळले नाही. "मग बोलली का नाहीस? त्याच दिवशी सुटली असतीस की गं!"

"तुम्ही सांगाल असं वाटलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "बाजारात आल्या तेव्हा तर वाटलंच, आता सांगतील."

पुन्हा बटणं वाजायला लागली. मी मोजायचं सोडून दिलं. पासवर्ड यंत्र दोनदा मागतं, खात्री म्हणून, तसा तिनं तो पुन्हा पहिल्यापासून टाकला, आणि शेवटचं मोठं बटण दाबलं.

"झालं मॅडम," ती म्हणाली. "वळा आता."

मला लगेच वळता आलं नाही.